काम चर्चगेटला, काज वसईला

विरार लोकलने एकतीस वर्षांत माझी किती बटणं खाल्ली याचा हिशेब माझ्याकडे नाही. अख्खी नोकरी हिशेब खात्यात गेली, तरी नाही. आमच्या घरी श्रीखंडाचा एक रिकामा डबा होता, त्यात सुटी बटणं असायची. पांढरी, दुधी, दोन भोकांची, चार भोकांची, एखादं कैलासवासी स्वेटरचं. दर रविवारी तो डबा सतरंजीवर उपडा व्हायचा आणि त्या आठवड्यात गेलेल्याच्या जागी त्यातल्या त्यात मिळतंजुळतं बटण बसवलं जायचं. एक वेळ अशी आली की माझ्या एका शर्टावर सात बटणं सात घराण्यांची होती. ऑफिसात कुणाच्या लक्षात आलं नाही. नायगाव, वसई, नालासोपारा, विरारहून येणाऱ्या सगळ्यांचेच शर्ट तसे होते. बोरिवलीपर्यंत राहणाऱ्यांची बटणं एकसारखी असतात, हे मी निरीक्षणाअंती सांगतो.

बटण तुटायच्या जागाही ठरलेल्या. संध्याकाळी दादरला गर्दी चढताना वरून तिसरं. अंधेरीला मागून लोंढा आला की चौथं. पाचवं बोरिवलीला, एखादा अजाण पाहुणा उतरायला निघाला की त्याच्या बॅगेच्या पट्ट्यात अडकून. विरार गाडीत चढायचं आणि बोरिवलीला उतरायचं नाही, हा आमच्याकडचा अलिखित कायदा बाहेरच्या लोकांना दादागिरी वाटतो. तो बटणांच्या संरक्षणासाठी आहे. 1867 साली विरारहून मुंबईला, तेव्हाच्या बॅकबे स्टेशनला, पहिली लोकल गेली. दिवसाला जाऊन-येऊन एकच फेरी. त्या गाडीत माणसं बटणांसकट उतरली असणार.

गेल्या वर्षी निवृत्त झालो. निवृत्त माणसाला पहिल्या आठवड्यात कपाट आवरायला लावतात, तसं मलाही लावलं. जुने शर्ट काढून पलंगावर पसरले आणि एक गोष्ट पहिल्यांदा डोळ्यांत भरली. बटणं एकाचीही मूळची नव्हती. काजं मात्र सगळी पहिल्या दिवशीची. एवढी ओढाताण झाली, कॉलर विरल्या, कोपरं फाटली, पण काज एकही सुटलेलं नव्हतं. तीस वर्षं घरात आरडाओरडा झाला तो बटणाच्या नावानं. ‘काज शाबूत आहे हो’ असं सकाळच्या घाईत एकदाही कुणी म्हणालं नाही.

‘काज’ या शब्दाबद्दल माझा लहानपणापासून एक गैरसमज होता. गिरगावात आमच्या चाळीच्या जिन्याखाली एक शिंपी बसत. दिवाळीच्या आदल्या संध्याकाळी शर्ट आणायला गेलं की ते म्हणत, ‘काम झालंय, काज राहिलंय.’ मला वाटे, कामकाजाचे दोन तुकडे करून हे पहिलाच तुकडा हातात देतायत. पुढे सरकारी नोकरी लागली आणि ही पद्धत सगळीकडेच आहे असं दिसलं, त्यामुळे गैरसमज बरीच वर्षं टिकला. खरी गोष्ट अशी की कामकाजातलं काज ‘कार्य’पासून आलेलं, आपलं घरचं. शर्टावरचं काज जहाजातून उतरलेलं. पोर्तुगीज भाषेत त्याला ‘काझा द बोतांव’ म्हणतात. काझा म्हणजे घर. बटणाचं घर.

इंग्रजाला तिथे नुसतं भोक दिसलं. स्पॅनिश माणसाला डोळा दिसला, त्यांचा शब्द डोळ्यावरूनच आलाय. पोर्तुगिजाला घर दिसलं आणि आपण ते त्याच्याकडून घेतलं, आजवर कुणाला परत केलेलं नाही.

मी स्वतः 1993 साली गिरगावातली दहा बाय बाराची खोली सोडून वसईला आलो तो घरासाठी. माझ्याआधी पोर्तुगीज आले होते, 1534 साली. त्यांना दोनशे पाच वर्षं मिळाली. 1739 च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी किल्ला घेतला आणि त्यांना जावं लागलं. जाताना ते पाव, पगार आणि चावी हे शब्द मराठीत ठेवून गेले. संसार मांडायला आणखी काय लागतं? चौथं हे काज. अप्पांच्या फौजेतल्या माणसांचे कपडे बंदांचे. बाराबंदी म्हटली की बारा बंद आले. सकाळच्या घाईत बारा गाठी मारून बाहेर पडलेल्या माणसांनी बटणवाल्यांना हरवलं, ही बाजू इतिहासाच्या पुस्तकांनी अजून नीट मांडलेली नाही. जिंकणाऱ्यांनी वसईच्या चर्चच्या घंटा नेल्या. त्यांतली एक, 1721 साल कोरलेली, नाशिकला नारोशंकराच्या देवळात आहे. घंटा नाशिकला गेली आणि काज अख्ख्या महाराष्ट्राच्या छातीवर येऊन बसलं. गोव्याची मंडळी म्हणतील, हा शब्द आमच्याकडून आला. म्हणू देत. मी वसईकर आहे, मी श्रेय वसईलाच देणार. किल्ल्यात गेलं की मोडक्या चर्चच्या रिकाम्या खिडक्या ओळीनं दिसतात. कपाटातले माझे शर्ट मी त्यानंतर पाहिले, पण आठवण झाली ती त्या खिडक्यांचीच. बटणं गेली, काजं उभी.

आमच्याकडचे गुजराती दुकानदार त्यालाच ‘गाज’ म्हणतात. स्टेशनजवळच्या एका बोळात ‘गाज-बटन, पिको, फॉल, इंटरलॉक’ अशी पाटी होती. माझे साडू पुण्याचे. त्यांनी ती वाचली आणि समुद्राची गाज ऐकायला जायची सोय इथून होते का, असं आत विचारलं. आतल्या माणसानं मान वर न करता अर्नाळ्याची बस दाखवली. पुणेकराचा प्रश्नही सुटला आणि त्याचा टाकाही चुकला नाही.

घराचा विषय निघाला की वसई-विरारच्या माणसाला गप्प बसवत नाही, म्हणून थोडं विषयांतर. कोटाच्या कॉलरच्या खाली डावीकडे एक काज असतं. त्याला बटण नसतं. हा गुंतवणुकीसाठी घेऊन ठेवलेला फ्लॅट. वर्षातून एखाद्या लग्नात गुलाबाचं फूल येतं, एक संध्याकाळ राहतं, पुन्हा कुलूप. त्याच कोटाच्या बाहीवर चार बटणं खांद्याला खांदा लावून उभी असतात आणि त्यांच्यासाठी काज एकही नसतं. ही माणसं इतकी वर्षं कुठे राहतात, कुणी विचारत नाही. मापाचंही तेच. काज किती लांब करायचं? बटणाचा व्यास अधिक बटणाची जाडी. शर्टाचं बटण साधारण अकरा मिलिमीटरचं असतं, पण तेवढंच काज केलं तर बटण आत शिरत नाही. कागदावरचं क्षेत्रफळ आणि प्रत्यक्ष राहायची जागा यातला फरक शिंप्याला बिल्डरच्या कितीतरी आधी कळला होता.

काज करायची रीत तर थेट आमच्या गावची. आधी दोन्ही बाजूंनी दाट टाक्यांच्या भिंती उभ्या करायच्या. मग वर-खाली आडवे टाके घालून दोन्ही टोकं पक्की करायची. सगळं शिवून, दोरे कापून, इस्त्री करून झालं की मग मधोमध पातं घालून दार पाडायचं. शिवणातली बाकी सगळी कामं आधी कापा आणि मग शिवा या क्रमानं होतात. हे एकच उलटं. आमची इमारत आधी उभी राहिली, रस्ता मागाहून आला, नळाचं पाणी त्याच्या मागाहून. आणि महानगरपालिका 2009 साली स्थापन झाली, तेव्हा आम्ही राहायला येऊन सोळा वर्षं झाली होती.

आमच्या घरी शिवण ही करते. तिच्या आईकडून आलेलं काळं पायमशीन आहे, सोनेरी नक्षी झिजून गेलेली, चाकाचा पट्टा तीनदा बदललेला. गांधीजींचा यंत्रांवर राग असला तरी शिवणयंत्राला त्यांनी सूट दिली होती. 1924 साली त्यांनी ‘यंग इंडिया’त लिहिलं की सिंगरनं बायकोचे शिवताना होणारे हाल पाहिले आणि तिच्यावरच्या प्रेमापोटी यंत्र काढलं. गांधीजींचं मन मोठं. सिंगरसाहेबांना वेगवेगळ्या संसारांतून मिळून चोवीस मुलं होती. हाल नेमके कुठल्या घरचे पाहिले, हे शोधायलाच एक माणूस लागला असता. ते असो. 1851 च्या त्या पेटंटपासून आमच्या काळ्या मशीनपर्यंत एक गोष्ट बदलली नव्हती. सुई फक्त वर-खाली. सरळ टाका पाहिजे तेवढा घ्या, काज नाही. काजाला सुई डावी-उजवी नाचावी लागते. त्यामुळे ही शर्ट शिवायची, आणि काजासाठी पिशवी घेऊन मी पूर्वेला जायचो.

वसईच्या पूर्वेला गोखिवरे, वालीव, सातिवली या बाजूला गाळ्यागाळ्यांतून कपड्यांचे कारखाने आहेत. त्यांच्या आधारानं काजवाले जगतात. आमचे काजवाले चाचा एका जिन्याखालच्या जागेत बसतात. गिरगावातले शिंपीही जिन्याखालीच बसत. महाराष्ट्रात बटणांची घरं बांधणाऱ्याला स्वतःला जिन्याखालचीच जागा मिळते असा काही नियम असावा. जागा एवढीच की मशीन, चाचा आणि एक स्टूल. गिऱ्हाईक रस्त्यावर.

चाचांचं मशीन बघण्यासारखं आहे. हिरवट रंगाचं, कारखान्यातून जुनं होऊन आलेलं. या जातीची यंत्रं मिनिटाला तीन हजारांवर टाके घालतात. चाचा काजपट्टी पायाखाली सरकवतात, खडूच्या खुणेवर अंगठ्याचं नख टेकवतात आणि पॅडल दाबतात. मग जो आवाज होतो त्याला खडखड म्हणता येत नाही, पत्र्यावर अचानक गारा पडाव्यात तसा तो येतो. सुई एका बाजूनं वर जाते, टोकाशी चार टाके आडवे, दुसऱ्या बाजूनं खाली, पुन्हा आडवे, आणि आवाज थांबता थांबता वरून एक छोटी सुरी येते. टक्. पट्टी सरकली, पुढचं काज. सात काजं व्हायला वेळ किती, तर मी खिशातून पाकीट काढेपर्यंत. पट्टी उलटी करून चाचा एकदा फुंकर मारतात आणि कापलेल्या दोऱ्यांची बारीक लव माझ्या चष्म्यावर येऊन बसते.

‘चाचा, सुरी चुकत नाही?’ मी एकदा विचारलं होतं.

‘सुरी क्यों चूकेगी? उसको जगह मालूम है.’ आणि मग त्यांनी सुरी काढून दाखवली. काजाची लांबी बदलायची तर सुरीच बदलावी लागते. अर्ध्या इंचाची वेगळी, पाऊण इंचाची वेगळी. त्यांच्याकडे पान मसाल्याच्या डबीत पाच-सहा सुऱ्या होत्या, तेलात बुडवून ठेवलेल्या. दोरा मधेच तुटला तर मशीन थांबतं आणि सुरी खाली येत नाही, अशीही त्यात सोय. शिवलं नसेल तर कापायचं नाही, एवढी अक्कल त्या लोखंडात घालून ठेवलीय.

मी मनात म्हणालो, एवढंच ना. माणसाची सगळी संकटं या दोन शब्दांनी सुरू होतात.

मुलगी पुण्याहून आली ती खोकं घेऊन. आत पांढरं, विजेवर चालणारं, झिगझॅग टाक्याचं मशीन. एकवीस प्रकारचे टाके आणि खोक्यावर मोठ्या अक्षरांत: एका टप्प्यात आपोआप काज. हिनं काळ्या मशीनकडे पाहिलं, पांढऱ्याकडे पाहिलं, आणि माहितीपुस्तिका माझ्या हातात दिली. ‘तुम्ही मोकळेच आहात. काज खातं तुमचं.’

निवृत्तीनंतर दीड महिन्यात मला खातं मिळालं. पुस्तिका मी दोनदा वाचली, लाल पेनानं खुणा केल्या. काजाचा वेगळा फूट येतो, लांबट, स्लेजगाडीसारखा. त्याच्या मागच्या टोकाला एक खाच. खाचेत आपलं बटण अडकवायचं, म्हणजे मशीन त्याचंच माप घेऊन तेवढंच काज करतं. हे वाचून मी हिला हाक मारून दाखवलं. बटण स्वतः जाऊन आपलं घर बुक करतं! ही म्हणाली, ‘आधी चिंधीवर करून बघा.’

चिंधीवर केलं. पॅडल दाबलं, डावी भिंत छान चढायला लागली. चढत राहिली. बटणाचं माप गेलं, दोन बटणांचं गेलं, चिंधी संपली, तरी मशीन डावीच भिंत बांधतंय. पुस्तिकेच्या चौदाव्या पानावर एक कळ खाली ओढायला सांगितली होती. ती फुटाला लागली की मशीनला कळतं, आता वळायचं. माझी लाल खूण तेराव्या पानाला संपली होती. ज्यांच्याकडे असं मशीन आहे त्यांना सांगतो, ती कळ डाव्या बाजूला, सुईच्या मागे, वर लपलेली असते. काज बिघडलं की दहातले नऊ वेळा ती खाली ओढायची राहिलेली असते. दहाव्या वेळी बॉबिन संपलेलं असतं.

कळ सापडल्यावर मात्र मला थांबवणं कठीण गेलं. दोन दिवसांत घरात जे कापड स्थिर होतं त्यावर काज झालं. हातपुसणी, जुना परकर, पडद्याची झालर. एका उशीच्या अभ्र्याला मी अकरा काजं केली, बटण एकही नव्हतं. अख्खी रिकामी सोसायटी. ही त्यावर डोकं टेकवून झोपली आणि सकाळी तिच्या गालावर पाच घरांचा नकाशा उमटला होता.

खरी वेळ आली ती लग्नाची. नंदाखालच्या एका मित्राच्या मुलीचं लग्न होतं. माझ्याबरोबर पंचवीस वर्षं सकाळच्या गाडीला लटकलेला माणूस. वसईतल्या ख्रिस्ती लग्नाला जाताना कपड्यांत हयगय चालत नाही. तिथली आठवी-नववीतली पोरंसुद्धा असा सूट घालून वावरतात की आपण वाढपी वाटावं. हिनं आकाशी रंगाचं सुती कापड आणून शर्ट शिवला. काळ्या मशीनवर, सरळ टाक्यात, कॉलर अशी की पाहत राहावी. काजपट्टीच्या आत बक्रम घातलं, म्हणजे काज ताणत नाही. खडूनं सात खुणा केल्या. कॉलरवरची आडवी, खालच्या सहा उभ्या.

‘कॉलरचं आडवं का?’ मी.

‘तिथे ओढ आडवी बसते. आडव्या काजात बटण टोकाशी जाऊन थांबतं.’

मग विरारच्या माणसाला तर सातही आडवीच पाहिजेत, कारण त्याला ओढ सगळीकडून आडवीच बसते, असा मुद्दा मी मांडला. तो अजूनही मला बिनतोड वाटतो. ही म्हणाली, ‘पट्टी किती रुंद आहे ते बघा आणि मग बोला.’

सहा उभी काजं उत्तम झाली. कॉलरला मशीन अडलं. तिथे कापडाचे थर जास्त, आणि पट्टीच्या कडेशी फूट अर्धा जाडीवर, अर्धा हवेत. तो पुढे जाईना, सुई मात्र जागच्या जागी चालत राहिली. उचलून पाहिलं तर खाली दोऱ्याचं घरटं. बारीक कात्रीनं ते सोडवायला पाऊण तास गेला. पुन्हा करताना हिनं मागच्या बाजूला दुमडलेली चिंधी ठेवून फूट सपाट केला आणि काज सरळ झालं. पाहिलंत, म्हणजे उपाय दोन सेकंदांचा होता. पण तो विचारावा लागतो.

आता राहिलं कापणं. कारखान्याच्या मशीनची सुरी घरच्या मशीनला नसते. एकवीस टाके देणाऱ्यांनी ते एक काम माणसावर सोडलेलं आहे. त्यासाठी खोक्यात एक टाचणीएवढं हत्यार येतं. दोन दाती, एक दात अणकुचीदार, दुसऱ्यावर लाल मणी, आणि मधल्या खाचेत धार. टाके उसवायचं हत्यार ते. हिची आई ब्लेडचा अर्धा तुकडा वापरायची, तोही बोटाला चिकटपट्टी गुंडाळून. ‘दोन्ही टोकांच्या आडव्या टाक्यांवर टाचणी लावा,’ ही स्वयंपाकघरातून म्हणाली, ‘आणि एका टोकाकडून दुसऱ्याकडे जाऊ नका. दोन्हीकडून मधे या.’

पहिल्या तिन्ही काजांना मी टाचणी लावली. वरून मधे, खालून मधे, आणि टाके न तुटता दार उघडलं. बटण आत गेलं, बाहेर आलं. मी दोनदा घालून काढलं. तीन घरांचा ताबा दिल्यावर माणसाचा हात सैल होतो. चौथ्याला टाचणी समोर होती, उचलली नाही.

त्या हत्याराचा स्वभाव आमच्या स्टेशनवरच्या गर्दीसारखा आहे. आधी ते हलतच नाही. तुम्ही थोडा जोर लावता, हलत नाही. आणखी थोडा लावता. मग ते जे सुटतं ते एकदम आणि सगळं. चर्र झालं. चौथं काज कापलं, खालचे आडवे टाके कापले, मधली कोरी पट्टी कापली आणि पातं पाचव्या काजाच्या उंबऱ्याशी येऊन थांबलं. चौथ्या आणि पाचव्या मजल्यामधला स्लॅब गेला.

ही आली. तिनं शर्ट उचलून उजेडात धरला. रागावली असती तर बरं झालं असतं. ‘खिसा छान झालाय,’ म्हणाली आणि कुकर बंद करायला गेली.

लेकीला फोन केला. तिनं कडेला पारदर्शक नेलपॉलिश लावायला सांगितलं, दोरे सुटत नाहीत म्हणे. त्याचा उपयोग काजाची एखादी कड उसवू लागली तर होतो. तीन इंच चिरेला नेलपॉलिश लावलं की तीन इंच चमकणारी चीर मिळते. मी मिळवली.

दुसऱ्या दिवशी पिशवी घेऊन चाचांकडे. दोन महिने गेलो नव्हतो, त्यामुळे अपराध्यासारखाच उभा राहिलो. चाचांनी पट्टी उलटीसुलटी केली, टाक्यांवरून अंगठा फिरवला. ‘काज अच्छा बना है,’ ते म्हणाले. मी सुखावलो. ‘मगर काटा किसने?’

रस्त्यावर उभ्या माणसाला खाली बघायला गटार असतं, ही एक सोय.

त्यांनी आतून बक्रमचा तुकडा लावला, चीर जुळवून तिच्यावरून झिगझॅग फिरवला, आणि कडेचा चमकणारा भाग नखानं खरवडत मला एकही प्रश्न विचारला नाही. मग म्हणाले, इथे आता पुन्हा काज होणार नाही, कापडात जीव राहिला नाही. वरून बटण टाकून देतो. आणि त्यांनी चौथं बटण बंद चिरेवर, काजपट्टीच्या वरच्या बाजूलाच, खालच्या पट्टीसकट शिवून टाकलं. लांबून सात बटणं ओळीनं दिसतात. पैसे किती म्हटलं तर त्यांनी हात हलवला. दुखवट्याच्या घरी घेत नाहीत तसे.

नंदाखालच्या लग्नात शर्टाची दोन जणांनी तारीफ केली. मी दोन्ही वेळा हिच्याकडे बोट दाखवलं आणि दुसरा हात चौथ्या बटणावर ठेवला. पांढरं मशीन आता पिको आणि फॉलसाठी आहे, ते ही चालवते. काजाची पिशवी पहिल्यासारखी पूर्वेला जाते. माझ्याकडे हल्ली शर्टाला बटण लावायचं काम आहे. ते जमतं, एकतीस वर्षांचा सराव आहे.

तो आकाशी शर्ट मी अजून वापरतो. चौथ्या जागी पट्ट्या एकमेकींना कायमच्या जोडल्या गेल्यामुळे तो डोक्यातून घालावा लागतो. तेव्हा दुपारच्या रिकाम्या गाडीत कधी भेटलात तर ते एक बटण ओढून बघू नका. त्याच्याखाली घर नाही.